टेकचंदच्या बांधीतील पाण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
भंडारा.

विषय : आजारी माणसाच्या शेतातील पाणी निर्दोष आहे, हे आपण स्वतः गावासमोर दाखवून देण्याबाबत.
संदर्भ : नागपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी.

महोदय,

१. अर्जदार चंद्रकांताबाई, राहणार पिपरटोला, तालुका साकोली, हिचे पती टेकचंद कापगते हे महामार्गावर ट्रक चालवीत. सध्या ते आजारी आहेत. मानेतील गाठी कर्करोगाच्या निघाल्या आणि रक्तात एड्सचा विषाणू सापडला. विषाणूने अंगातली ताकद आधीच खाल्ली असल्याने कर्करोगाची कडक औषधे सोसवणार नाहीत, असे सांगून डॉक्टरांनी त्यांना घरी पाठविले. हा रोग कोठून आला, हे अर्जदाराने पतीस विचारलेले नाही. विचारून गाठी थोड्याच बसणार आहेत?

२. औषधाची मागणी नाही. कर्करोग म्हटल्यावर गाव भेटीला येत होते. दुसरे नाव कळताच येणे थांबले. अर्जदाराच्या बांधीतले, म्हणजे धानाच्या शेतातले, पाणी खाली चुलत दीर भोजराज यांच्या बांधीत उतरते. त्यांनी मधल्या धुऱ्यातली (बांधातली) पाण्याची वाट मातीने बुजवली. "वयनी, तुमचं पाणी माह्या बांधीत येते. दादाचा रोग त्यातून आला तं माह्या लेकराईनं का करावं?" असे म्हणताना ते रडले, हे अर्जदारास मान्य आहे. पण माती काढली नाही. नुकतेच रोवलेले धान पाण्याखाली कुजत आहे.

३. पती खाटेवरून रोज विचारतात, "भोजराजनं पाणी सोडलं का?" अर्जदार रोज "सोडलं" म्हणते. आपल्यामुळे पाणी बाटले, हे मनात घेऊन त्यांनी जाऊ नये, एवढीच तिची धडपड आहे.

४. रोग पाण्यातून पसरत नाही, अशी नागपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी सरपंचांनी चावडीवर वाचली. लोक म्हणाले, लिहिणाऱ्याला कुठे या पाण्यात उतरायचे आहे! सबब आपण स्वतः यावे, त्या बांधीत उतरून सर्वांदेखत हातपाय धुवावेत, जमल्यास चूळही भरावी. चिखल फार आहे. आपले बूट अर्जदार हातात धरून उभी राहील.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,
चंद्रकांताबाई टेकचंद कापगते
(डाव्या हाताचा अंगठा)
दि. ६ ऑगस्ट १९८८

सोबत : वरील चिठ्ठी.

दुरुस्ती, दि. ९ ऑगस्ट : परिच्छेद १ मध्ये 'सध्या ते आजारी आहेत' असे आहे, तेथे 'काल वारले' असे वाचावे. भोजराज यांनी खांदा दिला. धुऱ्यातली माती तशीच आहे, म्हणून मागणी कायम आहे.