सहा तासांची भरती

टेकाडावरून,
९ जानेवारी

चि. केइके हिस,
अनेक आशीर्वाद. पत्रास कारण माझा गुडघा, आणि तुझा खेळ.

ऑपरेशन झालं, टाके सुकले, आणि आता मी खिडकीशी खुर्ची टाकून बसलोय. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की अजून आठ आठवडे बोटीत पाऊल ठेवायचं नाही. अडतीस वर्षं टपालाची बोट चालवली, इतके दिवस सलग कोरड्यावर कधी काढले नव्हते. शेजारची ग्योना दुपारी सूप आणून देते आणि म्हणते की तू आजारी माणूस दिसत नाहीस, खुंट्याला बांधलेला मेंढा दिसतोस. तिचा नवरा इंगवेर म्हणतो की मेंढा निदान गवत तरी खातो.

तर वेळ जाईना म्हणून, पाच वर्षांपूर्वी नाताळात तू दिलेला तो तुमच्या कंपनीच्या खेळाचा डबा परवा उघडला. शाळेच्या बाई बदली होऊन गेल्या, जाताना त्यांचा कॉम्प्युटर मला देऊन गेल्या. डब्यावर लिहिलंय, एकट्याने खेळायचा खेळ. म्हटलं, माझ्यासारख्याला हेच बरं. तबकडी घातली, तर तिच्यात खेळ नाहीच. बाकीचा खेळ इंटरनेटवरून येतोय, थांबा, असं लिहून आलं. किती थांबा? एकोणीस दिवस. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, तेव्हा वीस झाले होते.

मला एक सांग. खेळणारा मी एकटा, घर माझं, कॉम्प्युटर माझा, तबकडी माझ्या हातात. मग यात इंटरनेटचं काय काम? बेटावरच्या आमच्या पाच घरांत मिळून एक जोडणी, तीही किनाऱ्यावरच्या खांबावरून हवेतून येते. वारा सुटला की ती झोपते.

फोन मुद्दामच करत नाही. दहाव्या मिनिटाला आपलं वाजतं हे एक, आणि फोनही त्याच जोडणीवर चालतो, म्हणजे आपण भांडणार आणि तेवढा वेळ खेळ थांबणार. पत्र लिही.

तुझा,
मोमे

हाम्बुर्ग,
१३ जानेवारी

ती. मोमेदादास,
केइकेचा सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. तो डबा तू दाराला टेकण म्हणून लावला होतास, हे मी गेल्या उन्हाळ्यात डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हा पाच वर्षांचा हिशोब मला सांगू नकोस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की खेळणारा एकटा असला तरी खेळाला एकटं सोडलेलं नाही. सुरू होताना तो कंपनीच्या सर्व्हरला विचारतो की हा माणूस आपलाच ना. मग दर थोड्या वेळाने पुन्हा विचारत राहतो. उत्तर आलं नाही की बाहेर काढतो. कोणी चोरून खेळू नये म्हणून ही व्यवस्था. आम्ही काही जण मीटिंगमध्ये म्हणालो होतो की खेड्यापाड्यांत, बेटांवर माणसं राहतात. वरच्यांनी विचारलं की अशी किती असतील. मी म्हटलं, माझ्या ओळखीचा एक आहे. सगळे हसले होते.

गुडघा जप. पायाखाली उशी घे. खरं तर तू खेळाच्या मागे लागू नकोस. तुला कंटाळाच येईल, त्यात मारामारी नाही, गाड्या नाहीत. एक बाई ओहोटीच्या वेळी चिखलवाळूतून चालत बुडालेल्या चर्चपर्यंत जाते आणि पाणी यायच्या आत परत येते, एवढंच. आणि आता तो बंदच होतोय. अठ्ठावीस फेब्रुवारीला दुपारी बारा वाजता सर्व्हर बंद करणार. त्यानंतर ज्यांच्याकडे डबा आहे त्यांनाही खेळता येणार नाही. आमचा सगळा विभागच ऑक्टोबरात बंद झाला. मी घरी आहे. काळजी करू नकोस, अर्ज टाकतेय.

ग्योनाला नमस्कार. तुझा राग कमी आणि लोभ जास्त असू दे.

तुझी,
केइके

टेकाडावरून,
२९ जानेवारी

चि. केइके,
आशीर्वाद.

ऑक्टोबरात नोकरी गेली आणि भावाला जानेवारीत कळतं, तेही पत्राच्या शेपटाला. नाताळात इथे तीन दिवस राहिलीस, बदक खाल्लंस, मेंढ्यांची चौकशी केलीस. विचारणार नाही का लपवलंस. का ते मला माहीत आहे.

तुझ्या पत्रानंतर मी अठ्ठावीस तारखेवर खूण केली आणि कुबड्या घेऊन पाचही घरं फिरलो. सगळ्यांना सांगितलं की थोडे दिवस सिनेमे बघू नका, माझा खेळ यायचाय. म्हातारी फ्राउके म्हणाली की त्रेसष्टाव्या वर्षी तुला खेळ सुचतोय, मग माझी मालिका मी का सोडू. इंगवेरने फुटबॉलसाठी शनिवार मागून घेतला. ग्योना म्हणाली की तिला काही बघायचंच नसतं, फक्त इंगवेरने काही बघितलेलं तिला चालत नाही. एवढी वाटाघाट मी टपालखात्याशीही कधी केली नव्हती.

चोवीस तारखेपर्यंत शंभरातले एकाहत्तर झाले. आकडा वाढतोय का हे बघण्यात माझा दिवस जायचा. सूप गार व्हायचं. मग वादळ आलं. पाणी कुरणांवर चढलं, मेंढ्या वर आणल्या, टेकाड सोडून चहूकडे समुद्र, आणि वीज गेली ती दीड दिवस. वीज आल्यावर कॉम्प्युटर म्हणतो की आलेला माल बिघडलाय, पहिल्यापासून सुरुवात करा. एकाहत्तरवरून शून्य. मी कुबडी भिंतीवर मारली. भिंतीला काही झालं नाही, कुबडी वाकली.

पुन्हा लावलंय. आज नऊ.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो. वडील गेले तेव्हा, मातीनंतरच्या जेवणाला, सगळ्यांदेखत मी म्हणालो होतो की केइके शहरात पोरखेळ करते आणि त्याचा पगार घेते. तू बशी ठेवून बाहेर गेलीस. मी तेव्हा प्यायलो होतो असं सांगता आलं असतं, पण प्यायलो नव्हतो.

मोमे

हाम्बुर्ग,
३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

तू ते लिहिलंस. मी तुला एकदाच काहीतरी लिहिते, मग हा विषय नको.

माझं काम काय होतं हे तू कधी विचारलं नाहीस. इतर कोणी झाडं करत होतं, कोणी चेहरे. मी पाणी करत होते. सहा वर्षं मी एकच गोष्ट केली, आपली भरती. ओहोळ आधी भरतात, मग पाणी मागून येतं, आवाज न करता, आणि समोर अजून कोरडं दिसत असतं, तसं. पूर्ण भरती यायला खेळात सहा तास लागतात, कारण तेवढेच लागतात. लोकांनी शिव्या घातल्या. फोरमवर लिहिलं की पाणी यायची वाट बघत बसायला आम्ही काय कोळी आहोत का. कंपनीने भरती वीस मिनिटांची करायला सांगितलं. मी राजीनाम्याचं पत्र खिशात घेऊन मीटिंगला गेले होते. शेवटी ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी पुढे ढकलायचं एक बटण दिलं आणि भरती वाचली.

ती बरोबर झाली की नाही हे सांगू शकणारा जगात एकच माणूस मला माहीत होता. त्याला मी डबा दिला. त्याने दाराला लावला.

इथे मला बसवत नाही. उठते, खिडकीशी जाते, परत बसते. मुलाखतीला विम्याच्या एका कंपनीने बोलावलंय, पुराच्या नकाशांचं काम आहे. चांगलंच आहे म्हणायचं. पण अठ्ठावीसला दुपारी कुठे असू मी, हे ठरवता येत नाहीये.

घाई करून गुडघा बिघडवू नकोस. माया राहू दे.

केइके

टेकाडावरून,
१९ फेब्रुवारी

चि. केइके,
आशीर्वाद.

तुझं पत्र टेबलावर उघडंच ठेवलंय. ग्योनाने वाचलं, तिला तशी सवय आहे. त्या दिवसापासून पाच घरांत कोणी सिनेमा लावला नाही. फ्राउकेसुद्धा. तिने निरोप पाठवला की मालिकेतला नवरा मेला असणार, मला कल्पना आहे.

तेरा तारखेला शंभर झाले. मी दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला आणि खेळाला बसलो. तो म्हणाला की मधल्या काळात सुधारणा झाल्यात, त्या आणतोय. आणखी चार दिवस. म्हणजे जो खेळ पंधरा दिवसांत मरणार आहे त्याची डागडुजी चालली होती.

सतराला तो सुरू झाला. तुझी ती बाई दीपगृहापाशी उभी. बोट कशी फिरवतो तशी तिला फिरवून बघितली, दोनदा भिंतीला आपटली. मग पायऱ्या उतरून बांधावर आणली. तिथून पुढे वाळू सुरू होते. मला लांबवर पाणी चमकताना दिसलं, आणि सगळं थांबलं. संपर्क तुटला, पुन्हा प्रयत्न करा. केला. बाई परत दीपगृहापाशी.

तीन दिवस हेच चाललंय. सात मिनिटं मिळतात, कधी नऊ. बांधापर्यंत जायला पाच लागतात. घड्याळ लावून बघितलं, पळवून बघितलं. काल सर्वांत लांब गेलो, पहिल्या ओहोळापर्यंत. त्यात पाणी होतं का नव्हतं तेच बघत होतो, तेवढ्यात परत दीपगृह. ते दीपगृह आता मला स्वप्नात नाही, सुपात दिसतं. सहा तासांची भरती मी सात मिनिटांत कशी बघू?

सर्व्हरच्या माणसांना फोन केला. पोरगं विनम्र होतं. म्हणालं की आपण जोडणी बदलून पाहा. मी म्हटलं, समुद्र बदलून पाहू का. तो म्हणाला, तक्रार नोंदवून घेतली आहे.

नऊ दिवस उरलेत.

मोमे

हाम्बुर्ग,
२२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

पुरे कर. खरंच. तू बांधापर्यंत गेलास, पहिला ओहोळ पाहिलास, माझ्यासाठी झालं. मी रागाने लिहिलं होतं, ते तुला कामाला लावायला नव्हतं.

मी तिकडे येऊन उपयोग नाही, जोडणी तीच. माझ्याजवळ कंपनीची प्रत होती ती त्यांनी ऑक्टोबरात परत घेतली. तू इकडे येऊ शकत नाहीस. डॉक्टरांनी आठ आठवडे सांगितलेत, ते अजून व्हायचेत. ग्योनाला मी वेगळं पत्र टाकलंय, तुझ्यावर लक्ष ठेव म्हणून.

विम्याच्या कंपनीने होकार दिलाय. सोळा मार्चला रुजू व्हायचं. अठ्ठावीसला मी पोहायला जाणार आहे, फोन घरी ठेवून.

तब्येतीची काळजी घे, आणि माझ्यावरचा जीव आहे तेवढाच असू दे, तो पुरतो.

केइके

टेकाडावरून,
१ मार्च

चि. केइके,
अनेक आशीर्वाद.

ग्योनाने माझ्यावर लक्ष ठेवलं. तिनेच कॉम्प्युटर मासळीच्या खोक्यात घातला, वर दोन घोंगड्या टाकल्या आणि इंगवेरला सांगितलं की सत्तावीसला सकाळी बोट काढायची. इंगवेर म्हणाला की डॉक्टरीणबाई मला फाडून खातील. ती म्हणाली की त्या लांब आहेत, मी जवळ आहे. मला दोघांनी धरून बोटीत उतरवलं, पोत्यासारखं. अडतीस वर्षं ज्या बोटीतून दुसऱ्यांना हात दिला तिच्यात असा उतरलो. पण ते सोड.

किनाऱ्यावरच्या गावात वाचनालय आहे. तिथल्या बाईंना विचारलं की तुमचं इंटरनेट वेगवान आहे का. त्या म्हणाल्या की शाळेची मुलं तरी तसं म्हणतात. मुलांच्या पुस्तकांच्या कोपऱ्यात त्यांनी मला टेबल दिलं आणि पायाखाली ठेवायला विश्वकोशाचे चार खंड.

बारा वाजता तुझी बाई बांध उतरली. कोणी तिला मागे ओढलं नाही. चर्चकडे मी गेलोच नाही. बांधापासून लांब वाळूचा एक उंचवटा आहे, तिथे तिला उभी केली आणि हात काढून घेतला. ते पुढे ढकलायचं बटण मला सापडलं होतं. दाबलं नाही.

दोनच्या सुमारास वाचनालयाच्या बाई म्हणाल्या की चित्र अडकलंय वाटतं, काही हलत नाहीये. मी म्हटलं, डावीकडचा ओहोळ बघा, मघाशी त्याचा तळ दिसत होता. त्यांनी बघितलं. मग खुर्ची ओढून बसल्या. चारला पाणी आमच्या मागे होतं आणि पुढे वाळू कोरडी होती. त्यांनी विचारलं की आता ही परत कशी जाणार. मी सांगितलं की परत जायची वेळ पाऊण तासापूर्वी गेली, अनोळखी माणसं अशीच बुडतात. सहाला वाचनालय बंद व्हायचं असतं. आम्ही सव्वासहापर्यंत बसलो, भरती टेकली तोवर.

रात्र ग्योनाच्या बहिणीकडे काढली. अठ्ठावीसला नऊ वाजता पुन्हा तिथेच. यावेळी खेळात पश्चिमेचा वारा होता, पाणी लवकर आलं. वाराही तू हिशेबात धरला असशील असं मला वाटलं नव्हतं. बाराला पाच कमी असताना पाणी बाईच्या गुडघ्यापर्यंत होतं. मग पडदा काळा झाला. काही वाजलं नाही, काही लिहून आलं नाही. वाचनालयाच्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

केइके, ती भरती खरी आहे. मी अडतीस वर्षं रोज ती पाहिली, पण अशी बसून कधी पाहिली नव्हती, कारण मला पोहोचायची घाई असायची. वडिलांच्या जेवणाला जे बोललो ते चूक होतं. ते सगळ्यांदेखत बोललो होतो, म्हणून काल परत आल्यावर पाचही घरांत जाऊन सांगितलं.

एकच चूक आहे, ती लिहायलाच हवी. लाल चोचीचे पक्षी तू पाणी पायाला लागल्यावर उडवतेस. ते आधी उडतात. पाणी अजून हातभर लांब असतं तेव्हा. त्यांना कसं कळतं ते मला माहीत नाही, पण कळतं.

गुडघा सुजलाय. डॉक्टरीणबाईंना इंगवेरने सांगितलं, चहाडखोर.

तुझा,
मोमे

हाम्बुर्ग,
५ मार्च

ती. मोमेदादास,
केइकेचा सा. न. वि. वि.

पाच वर्षांत माझ्या पाण्याविषयी चार हजारांवर तक्रारी आल्या. संथ आहे, कंटाळवाणं आहे, बाई बुडते, पैसे परत द्या. सगळ्या मी वाचल्या होत्या, कारण ते माझं काम होतं.

पक्ष्यांचं खरं आहे. मला माहीत होतं. शेवटच्या महिन्यात वेळ उरला नाही आणि मी मनाशी म्हटलं की हे कोणाच्या लक्षात येणार आहे. कोणाच्याच आलं नाही.

बारा तारखेच्या बोटीने येतेय, पंधरापर्यंत राहीन. गुडघ्यावर बर्फ ठेव आणि डॉक्टरीणबाईंशी उद्धटपणा करू नकोस.

लोभ आहे, तो मी येऊन बघतेच.

तुझी,
केइके