तिसऱ्या अंकातली शांतता

हिल्सबरो, ऑकलंड
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय चंद्रहास,

नमस्कार. तुझी फुलं पोचली, सूपही पोचलं. सूप सुरेशनेच संपवलं, नवरेबुवांना आवडलं. त्याचा गुडघा आता बरा आहे, पेनरोजला कामावर जायला लागलाय. दारातला मॅग्नोलिया यंदा लवकर फुललाय. मनुरेवातली माझी फार्मसी नेहमीसारखीच, थंडीत खोकल्याच्या औषधांना उसंत नसते. तुझा घसा कसा आहे? त्या दिवशी एवढं पाणी पोटात गेलं, म्हणून विचारते.

पत्र बघून दचकला असशील. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास. फोन केला असता तर तूच बोलला असतास. म्हणून कागद.

मला चक्कर आली होती असं तू सगळ्यांना सांगितलंस, त्याबद्दल आभार. मराठी मंडळातल्या बायका डबे घेऊन येऊन गेल्या. प्रत्येकीने माझा हात हातात घेऊन सांगितलं, “वाईट वाटून घेऊ नका, चंद्रहासनी मनावर घेतलेलं नाही.” मी मान डोलावली. माझी तब्येत ठणठणीत आहे.

तुझ्या निरोपातही तेच. “झालं गेलं विसरून जा. तेरा सप्टेंबरला पुन्हा शूट करू, हॉल मिळालाय. झेपेल ना तुला? तुझ्याशिवाय माझं पान हलत नाही.” हे शेवटचं वाक्य मी सुरेशला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, “खरं आहे की.” खरंच आहे.

पुण्यात कॉलेजच्या एकांकिकेपासून मी तुझ्या डाव्या विंगेत बसते आहे. तू भूमिका जगायचीस आणि वाक्यं मी सांभाळायची, अशी आपली वाटणी. अडलास की तू डावीकडे येणार, टेबलावरचा तांब्या उचलणार, घोटभर पाणी पिणार आणि मी वाक्य देणार. लोक म्हणायचे, काय ती चंद्रहासची पॉज! ती पॉज म्हणजे मी पान उलटत असायचे. इथे आल्यावरही तेच. गणपतीतली नाटकं, दिवाळीतली नाटकं, आणि मी कायम त्या मोडक्या स्टुलावर.

आणि मग ते रशियन नाटक. आठवतं ना, कसं सुरू झालं? लॉकडाऊनमध्ये आपण त्याचे मिळतील तेवढे सिनेमे पाहिले. तू तुझ्या घरी, मी माझ्या, फोन चालू ठेवून. एका प्राध्यापकासाठी त्याचा मेहुणा आणि मेहुण्याची भाची, म्हणजे प्राध्यापकाचीच मुलगी, आयुष्यभर शेतात राबतात आणि प्राध्यापक एक दिवस येऊन म्हणतो, हे सगळं विकू या. तू प्रत्येक सिनेमात मेहुण्याकडे बघत होतास. मी बघत होते की शेवटी कॅमेरा त्या भाचीकडेच का जातो. तेव्हा तूच म्हणालास, “सुनीती, हे मराठीत कर. तुझ्याच हातून होईल.”

मी केलं. टे पुके गावातली किवीफळांची बाग, पुण्याहून येणारे प्राध्यापक, आणि इथे वेली बांधून हात सोलवटलेला मामा. दोन हिवाळे घालवले मी त्यात. दुकानातून आले की स्वयंपाक, आणि स्वयंपाक झाला की ते. ‘वेलीखाली’ हे नावही माझंच. तू वाचलंस आणि फोनवर चक्क रडलास. त्या रडण्यावर मी कितीतरी दिवस खूश होते, काय सांगू तुला.

तालमीत आवाज आणि कॅमेरे सांभाळणाऱ्या, इथेच वाढलेल्या अक्षतने तुला सुचवलं होतं, “काका, कानात इयरपीस लावू या ना. हीप्स सोपं आहे. काकू मागे बसून बोलतील, स्वीट ॲज, एकदम मस्त.” तू त्याला झाडलंस. “मला यंत्र नको, मला सुनीती हवी.” आणि सगळं सलग, न थांबता शूट करायचं, भरल्या हॉलमध्ये, नाटकाचा जिवंतपणा सिनेमात उतरला पाहिजे, हाही तुझाच हट्ट. कॅमेरे तीन, प्रयोग एक.

आता इथवर आलेच आहे तर लिहूनच टाकते.

प्रयोगाच्या आधीच्या रविवारी मी हॉलच्या किचनमध्ये चहा गाळत होते. अक्षत लॅपटॉप घेऊन आला. “काकू, टायटल्स बघा ना.” त्यात काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत होतं, ‘रूपांतर, पटकथा, दिग्दर्शन: चंद्रहास’. मी पुढे बघत राहिले. नेपथ्य गेलं, प्रकाश गेला, समोसे देणाऱ्यांचे आभार गेले. सगळ्यात शेवटी आलं, ‘विंग आणि चहापाणी: सुनीतीवहिनी’. आयुष्यात कधी तू मला वहिनी म्हटलं नव्हतंस. पडद्यावर म्हटलंस.

मी तुला बाजूला घेऊन विचारलं. तू समोसा खात होतास. म्हणालास, “अगं, वेलिंग्टनच्या फिल्म फेस्टिव्हलवाल्यांना एकच नाव लागतं. आणि तू काय परकी आहेस का? तू घरचीच.” तरीही मी गप्प राहिले. म्हटलं, प्रयोग होऊ दे, मग बोलू. तेवढ्यात वल्लरी आली. दिवसभर हॉस्पिटलच्या वॉर्डात राबून ती पोरगी तालमीला यायची, भाचीचं काम जीव ओतून करायची. तिने तुला विचारलं, “काका, बाईच्या मनातलं तुम्हाला इतकं कसं कळतं हो? ते शेवटचं भाषण कसं लिहिलंत?” मी हातभरावर उभी होते, चंद्रहास. तू माझ्याकडे बघितलंससुद्धा. आणि तिला म्हणालास, “अनुभव गं.”

राग आला. इतका राग की किटली ठेवताना चहा हातावर सांडला आणि मला कळलं नाही.

तर आता त्या शनिवारचं. तिसरा अंक. प्राध्यापक बाग विकायची गोष्ट काढतात आणि मामा, म्हणजे तू, उसळतो. मूळ नाटकात नसलेलं एक वाक्य मी तिथे घातलं होतं: “एकेक वेल मी बांधली, आणि फाटकावर पाटी तुमच्या नावाची.” तू तिथे अडलास. मी तुला अडवलं नाही, तू आपणहून अडलास. वाक्य आठवेना म्हणून डावीकडे आलास आणि तांब्या उचललास.

मला चक्कर आली नव्हती. माझं बोट त्या वाक्यावर होतं. बोटाचीही गरज नव्हती म्हणा, मीच लिहिलेलं ते. तू पाणी प्यायलास. माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे बघितलं. तू पुन्हा प्यायलास. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. तिसऱ्यांदा तांब्या तोंडाला लावलास तेव्हा मागच्या रांगेतून हसू आलं, आणि हसणारा थांबेना. तू ओठ न हलवता “सुनीती, सुनीती” म्हणत होतास, तेही माइकमध्ये आलंय, अक्षत सांगत होता. मग घाबरून तू सगळं भाषण गिळलंस आणि थेट बंदूक उचललीस. अक्षतला गोळीचा आवाज सोडायचा इशाराच मिळाला नव्हता. तू नेम धरलास, आवाज नाही. तू बंदूक खाली ठेवलीस, आणि तेव्हा धडाम! अख्खा हॉल लोळला. वेलिंग्टनहून आलेल्या फेस्टिव्हलच्या पाहुण्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मी विंगेत होते. मला इतकं बरं वाटलं की तुला सांगून खरं वाटणार नाही. गेल्या कित्येक वर्षांत मी तुझ्या प्रयोगात नुसती बसून प्रयोग बघितला नव्हता. त्या दिवशी बघितला.

मला पश्चात्ताप झालाय का, हा प्रश्न तू विचारशीलच. वल्लरीचं वाईट वाटलं, तिचं काम फुकट गेलं. तिला मी परवा घरी जेवायला बोलावलं आणि ते भाषण कुणी लिहिलं ते सांगितलं. तिने हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाली, “काकू, मग तुम्ही तिथे चहा का गाळत होतात?” मी तिला आणखी भात वाढला. तिच्याखेरीज मला कुणाचंही वाईट वाटलेलं नाही.

आता तेरा सप्टेंबर. तू दुसरा कुणी प्रॉम्प्टर बसवून बघशील. बसव. तू पहिल्या अंकातून उडी मारून दुसऱ्यात पडतोस, तिथून तुला कुणालाही न कळता परत आणायला मध्ये नवी वाक्यं जोडावी लागतात. ती संहितेत नसतात, माझ्या डोक्यात असतात. इयरपीस लावशील, तर त्यात बोलणार कोण? पाठ करशील म्हणावं, तर तुझं तुलाच हसू येईल.

टायटलमधलं नाव बदलायचं की नाही, ते तू ठरव. मी मागणार नाही, एकदा किचनमध्ये विचारलं ते पुरे झालं. पण एक समजून घे. नाव घातलंस म्हणून मी बोलेनच असं नाही. नाही घातलंस म्हणून गप्प बसेन असंही नाही. आणि हे पत्र कुणाला दाखवायचं असेल तर खुशाल दाखव. मात्र मग मी गप्प का बसले, तेही त्यांना सांगावं लागेल.

तालमी तू घेशीलच. तालमीत मी प्रत्येक वाक्य देईन, एकही चुकवणार नाही.

प्रयोगाच्या दिवशीही वेळेवर येईन. तू दिव्यांत असशील, तीन कॅमेरे चालू असतील, आणि मी तुझ्या डाव्या हाताला, अंधारात. बोलेन की नाही, ते तुला तिथे उभा राहिल्यावरच कळेल.

सुनीती