कार्टरांच्या घरातला शब्द

बुधवार, २६ मे १८५२

प्रिय जोनासदादा,

हे पत्र मी तीनदा लिहून तीनदा फाडलं. चौथ्यांदा फाडायला वेळ नाही. डाकगाडी दीडला निघेल आणि आता बारा वाजून गेलेत. अक्षर थोडं हलतंय ते समजून घे. आत्ताच वाळूवरून आलेय, पाय अजून ओले आहेत. लीड्सला तुझ्या रेल्वेच्या कचेरीत सगळे सुक्या पायांनी बसत असतील, असं उगाच मनात आलं.

गावात सगळं तसंच आहे. भट्टीवरचे कार्टरकाका तुझी आठवण काढतात. ओहोटीत खाडीची वाळू ओलांडायला वाटाड्या शोधणारा परका माणूस अजून चुकून त्यांच्याच दारात जातो आणि ते त्याला तेच विचारतात, "वाळूवरचा कार्टर हवा की भट्टीवरचा? नाव गाडीवानाचं म्हणून माझ्या बापजाद्यांनी गाड्या हाकल्या असतील, मी पावाच्या लाटीशिवाय काही हाकलेलं नाही." मग त्याला आपल्या घराकडे पाठवतात आणि मागून ओरडतात, "सांग अमोसला, गिऱ्हाईक पाठवलंय, एक टोपली शिंपल्या देणं लागतो." मागच्या आठवड्यात ते बाबांसमोरच मला म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाला आडनावाचा मान, मला नुसती चौकशी." बाबा हसले. ते हल्ली फार थोडं हसतात, म्हणून लिहिलं.

बाबांबद्दलच लिहायचं आहे. त्यांचे डोळे गेले आहेत, दादा. अगदी काळोख नाही. खिडकीजवळ बसले तर माझ्या चेहऱ्याचा आकार कळतो, पण माझ्या हातात पेला आहे की सुरी ते कळत नाही. वाळूवर पाण्याची चकाकी आणि ओलाव्याची चकाकी यांतला फरक त्यांना गेल्या हिवाळ्यापासून कळत नाही. त्यांनी हे कुणाला सांगितलेलं नाही, मलाही नाही. मला कळलं ते फेब्रुवारीत, गार्नेटबाईंची लोण्याची गाडी आसापर्यंत रुतली तेव्हा. बाबांनीच वाटेची खूण म्हणून लावलेल्या लॉरेलच्या फांदीजवळ रुतली. सहा माणसांनी फळ्या घालून ती ओढून काढली, लोणी गेलं, घोडा वाचला. गार्नेटबाई चिखलात कमरेएवढ्या उभ्या राहून म्हणाल्या, "अमोस कार्टर, माझ्या घोड्याला पोहता येत नाही, एवढं लक्षात ठेवा." सगळे हसले. बाबा म्हणाले, नदीने रातोरात पात्र बदललं. नदी खरंच बदलते, म्हणून सगळ्यांनी मान्य केलं. मी नाही केलं. ती फांदी चुकलीय हे पाहताक्षणी कळावं अशा जागी होती. तिथली वाळू झोपलेली होती.

आजोबांचा हा शब्द तुला आठवत असेल. वरून घट्ट, गुळगुळीत, शहाण्यासारखी दिसणारी वाळू, पण आत पाणी. आजोबा म्हणायचे, ती झोपलीय, पाय दिलास तर जागी होईल आणि पाय परत देणार नाही. बाकी लोक तिला नुसती मऊ वाळू म्हणतात. मला लहानपणी या शब्दाची इतकी भीती वाटायची की अंथरुणात पाय पोटाशी घेऊन निजायचे. तू माझी थट्टा करायचास, चादर हलवून म्हणायचास, "हेस्टर, जागी झाली बघ."

फेब्रुवारीपासून मी एक काम करते आहे. ते पुण्याचं की पापाचं हे मला अजून ठरवता येत नाही. ओहोटी लागली की बाबा पूर्वीसारखेच अनवाणी जातात, काठीने वाळू ठोकतात, फांद्या लावून परत येतात. मग मी शिंपल्यांची टोपली आणि दाताळं घेऊन निघते. एकेक फांदी तपासते. चुकलेली उपटते आणि योग्य जागी लावते. पाहुणे आले की बाबा पुढे होतात आणि आपली पांढरी घोडी फांदी ते फांदी आपणहून चालते. त्यामुळे सगळे सुखरूप पोचतात. सुरुवातीला आठवड्यात एखादी फांदी चुकायची. आज मी चार हलवल्या. आणि माझ्यामुळेच बाबांना वाटतं की त्यांच्या तळव्यांना अजून सगळं कळतं. एकदा मी विचारलं, "बाबा, नजर थोडी मंद झालीय का?" ते म्हणाले, "झाली तर झाली. कार्टर पायाने बघतो. तीन महिन्यांत कुणाच्या चाकाची कडी तरी ओली झाली का?" मी नाही म्हणाले. ते खोटं नव्हतं, तरी खोटं बोलल्यासारखंच वाटलं.

आता शनिवार येतो आहे. व्हिटसनच्या सणाला रविवारच्या शाळेची मुलं खाडीपलीकडच्या मेळ्याला जातात, तुला माहीतच आहे. या वर्षी अठ्ठावन्न मुलं आहेत. त्या दिवशी फांद्या आधी लावत नाहीत. मुलंच हातात घेऊन निघतात, कार्टर पुढे वाळू ठोकत जातो, तो काठी दाखवेल तिथे मुलं फांदी रोवतात आणि गाणी म्हणत मागोमाग चालतात. तू सात वर्षांचा असताना पहिली फांदी रोवली होतीस आणि आई तुला गाडीतून हात हलवत होती. मला त्या दिवशी त्यांच्या मागून जाऊन काही दुरुस्त करता येणार नाही. मागे मुलंच असतील. मी रोज रात्री ती मुलं मोजते. कार्टरकाकांची धाकटी टॅबी या वर्षी पहिल्यांदा जाणार आहे. तिने फांदी निवडूनसुद्धा ठेवली आहे, तिच्याहून उंच.

गेल्या आठवड्यात कुणीतरी रेव्हरंड टायसन यांना निनावी पत्र लिहिलं. अमोस कार्टरला दिसत नाही, शनिवारी मुलं त्याच्या मागे पाठवू नका, असं. वाळूचा कार्टर, म्हणजे वाटाड्या, नेमणं, काढणं पंचांच्या हातात आणि टायसन त्यांचे प्रमुख. कार्टरचं पद गेलं की हे घरही जातं, कारण घर पदाचं आहे, आपलं नाही. काल सकाळी टायसन स्वतः आले. टोपी हातात, फार अवघडलेले. पत्र मेजावर ठेवून म्हणाले, "अमोस, माझा विश्वास नाही, पण तू वाचावंस असं वाटलं." बाबांनी कागद हातात घेतला, उलटा धरला आणि माझ्याकडे सरकवला. "वाच गं. माझे हात मिठाचे आहेत, शाई पसरेल."

मी वाचलं. मोठ्याने, शेवटच्या ओळीपर्यंत. त्यात एक वाक्य होतं की त्याने फेब्रुवारीत झोपलेल्या वाळूत फांदी लावली होती. ते वाचताना बाबांची काठी हलायची थांबली. मला वाटलं, आता संपलं. पण ते टायसनना म्हणाले, "हा शब्द या घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. माझ्या बापाचा शब्द आहे. मी तो दोनच मुलांना दिला. एक समोर बसून वाचतेय. दुसरा रेल्वेवाल्यांच्या पंगतीला जेवतो. खाडीवर पूल टाकायचाय ना त्यांना? मग आधी कार्टर हटवायला हवा." टायसनांचा चेहरा उजळला, दादा. तो मी विसरणार नाही. त्यांना खरं ऐकायचंच नव्हतं. ते म्हणाले, "म्हणजे द्वेषाचं पत्र. तरीच." आणि पत्र घडी करून चुलीत टाकलं. शनिवारचं ठरल्याप्रमाणेच होणार आहे.

ते गेल्यावर बाबांनी घरचं बायबल काढायला लावलं, ज्याच्या पहिल्या पानावर आपली सगळी नावं आहेत. म्हणाले, "तो गेला तेव्हाच म्हटलं होतं, जाताना आडनाव खुंटीला अडकवून जा. खोड त्याला."

तुला आठवतं, बाबांनी आपल्याला अक्षरं ओल्या वाळूवर काठीने शिकवली? चुकलं तर म्हणायचे, घाबरू नका, सहा तासांत भरती येऊन पुसून टाकेल. मी तेव्हापासून प्रत्येक अक्षर भीत भीतच काढते, आणि एकदाच नाव न घालता लिहिलं, तर ते भरतीनेही पुसलं नाही. ते पत्र माझं होतं, दादा. तुझ्या नावावर गेलं आणि मी समोर बसून गप्प राहिले. मला वाटलं होतं निनावी लिहिलं की बाबांना मी दिसणार नाही, मुलांचे जीव वाचतील आणि कुणाचंच काही मोडणार नाही. नाव नव्हतं म्हणूनच ते खोटं ठरलं. बाबा आत्ता घोडी जुंपत आहेत. हे पत्र डाकगाडीत, त्यांच्याच मागून, मी आज सरळ केलेल्या फांद्यांवरून पलीकडे जाईल. ते परत येतील तेव्हा मी उंबऱ्यात उभी असेन आणि सांगेन. मग टायसनांकडे जाईन आणि पंचांसमोर माझं पूर्ण नाव घालून तेच पुन्हा लिहून देईन. तुला आधी लिहिलं कारण मी मला ओळखते. पत्र वाळूपलीकडे गेलं की मला मागे फिरता येणार नाही. घर जाईल. बाबा माझ्याशी बोलतील की नाही, माहीत नाही. तू ये. शनिवारच्या आत ये, आणि रागावला असशील तरी ये, कारण त्यांना कुणाच्या तरी हाताला धरून या घरातून बाहेर पडावं लागेल आणि माझा हात ते धरणार नाहीत. बायबलमध्ये तुझं नाव अजून आहे. मी दौतीत लेखणी बुडवलीच नाही, कोरडीच ओढली. बाबा शेजारी उभे राहून पानाकडे बघत होते. कागदावरचा आवाज ऐकून म्हणाले, "झालं?" मी म्हणाले, झालं.

तुझीच, भ्यायलेली,
हेस्टर कार्टर