त्या दुपारची चूल

वाघजाईवाडी, ता. कोरेगाव
२३ फेब्रुवारी २०२५

वन्सं,

नमस्कार. लालासाहेब दाजींनाही सांगा. इकडे आम्ही तिघी ठीक आहोत. आत्तीची, तुमच्या आईची, शुगर सध्या आटोक्यात आहे, गुडघे मात्र ऐकत नाहीत. प्रणिती आठवीला गेली, उंची माझ्या कानापर्यंत आली आणि तोंड माझ्याहून पुढे गेलं. ऊस तुटून कारखान्याला गेला, मागे राहिलेल्या खोडव्याला पहिलं पाणी झालं.

या जमान्यात पत्र कोण लिहितं, असं तुम्ही म्हणाल. प्रणितीही हसली. पण माझा फोन तुम्ही नऊ वर्षांत उचलला नाही, आणि आता उचललात तरी मला इतकं सलग बोलता येणार नाही. मध्येच तुम्ही काहीतरी बोलाल, मी गप्प होईन आणि राहूनच जाईल. कागद मध्ये बोलत नाही.

आधी आभार मानते. दर वर्षी तासगावहून एसटीने बेदाण्याचा डबा येतो. वर नाव फक्त प्रणितीचं, आत चिठ्ठी नाही. पहिल्या वर्षी मला राग आला होता. म्हटलं, भाची आपली आणि भावजय परकी? मग एकदा डबा रिकामा करताना लक्षात आलं की देठ एकूण एक काढलेले आहेत. बेदाण्याच्या शेडवर एवढी मजुरांची धांदल असताना तुम्ही हे घरी बसून निवडता, हे मला कळतं. तेव्हापासून राग गेला. तुमचा बेदाणा मीही खाते, हे आज कबूल करते.

आता मुद्द्याचं. आपल्या गावावर सिनेमा निघाला हे तुमच्या कानावर आलंच असेल. घरटी एक माणूस फौजेत असलेलं गाव, त्यातला एक जवान आणि त्याची बायको अशी गोष्ट. गेल्या पावसाळ्याच्या आधी ती मंडळी आली आणि दीड महिना राहिली. गोष्ट लिहिणारी अंकिता नावाची मुलगी तुमच्या सांगलीचीच, वडील कुपवाडला कारखान्यात होते. तिने माझ्याकडे चार वेळा चहा घेतला आणि चारही वेळा विचारलं, "ताई, बातमी आली तेव्हा काय झालं?" मी चारही वेळा सांगितलं, "कोसळले." पेपरातही तेच छापून आलं होतं, की वीरपत्नीने टाहो फोडला. छापलेलं खोडून कोण काढतं? पेपरवाल्याला हो म्हटलं होतं, तिलाही हो म्हटलं.

मग त्यांनी तेच चित्रित करायला घेतलं. मानेंच्या वाड्यासमोर नटी औक्षणाचं ताट घेऊन उभी. फोन येतो, ताट पडतं, दिवा विझतो, ती "नाही!" म्हणून ओरडते आणि पडते. खाली गादी घातलेली. सात वेळा पडली बिचारी. आपल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या, शेजारची अंबूबाई तर हुंदके देत होती. आणि मला हसू फुटलं, वन्सं. चांगलं मोठ्याने. सगळं थांबलं.

अंकिता माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "का हसलात?"

मी म्हटलं, "आमच्या घरात ताट पडलं नाही गं. ताट वाढलं."

तोंडातून गेलं ते गेलं. मग गोठ्यामागे बसून तिला सगळं सांगितलं. जे तुम्हाला नऊ वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं ते एका परक्या पोरीला सांगितलं, याची लाज आहेच. पण तिला सांगता आलं म्हणूनच आज तुम्हाला लिहिता येतंय.

त्या दिवशी आपली पाण्याची पाळी होती. मी ढोपरभर चिखलात उभी राहून उसाला पाणी देत होते. साडेदहाच्या सुमाराला ह्यांच्या युनिटमधून सुभेदारसाहेबांचा फोन आला. हिंदीत बोलले. मी "जी साहब" म्हटलं. ते परत म्हणाले, मी परत "जी साहब" म्हटलं. फोन बंद झाला. चार सऱ्या राहिल्या होत्या, त्या भरल्या. का भरल्या ते विचारू नका, मला आजही माहीत नाही. पाणी वाहत होतं आणि ते कुठेतरी वळवायला हवं होतं.

घराकडे येताना मात्र डोकं लख्ख चालत होतं. दोनच महिन्यांपूर्वी आत्तीला मिरजेच्या दवाखान्यातून आणलं होतं. सकाळची इन्सुलिनची सुई दिलेली, नाश्ता जेमतेम. वेळेवर जेवल्या नाहीत तर चक्कर येऊन पडायच्या, हे डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं. एकदा तोंडातून शब्द गेला की आपल्या घरची चूल बंद. भावकीतून पिठलं-भाकरी येणार, पण मुलगा घरी येईपर्यंत आत्ती घासाला हात लावणार नाहीत, हेही मला दिसत होतं. म्हणून मी चूल पेटवली. पाच भाकरी थापल्या, पोरीला भरवलं, आत्तीला वाढलं, गोळी दिली. भांडी घासली. आणि मग सांगितलं.

दीड वाजला होता. अंबूबाईने धूर पाहिला होता आणि फोन किती वाजता आला हे गावाला संध्याकाळी कळलंच. तुम्ही तासगावहून आलात तोवर ते तुमच्यापर्यंत पोचलं होतं. तुम्ही म्हणालात, "माझा भाऊ तिकडं पडला, आन् तू हितं भाकरी थापत हुतीस?"

ते वाक्य मी विसरले नाही. पण ऐका, त्याबद्दलही मी तुमची आभारी आहे. बाकी गाव माझ्या पाठीमागे बोललं. डोळ्यात टिपूस नाही, काळीज दगडाचं, पेन्शनवर डोळा. तोंडावर बोललेल्या तुम्ही एकट्याच. तुमचा राग भावावरच्या मायेतून आला होता, तो मला कळत होता. कुजबुजीला उत्तर देता येत नाही. तुम्हाला देता आलं असतं, मीच दिलं नाही.

आणि रडले नाही असं नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी विहिरीची मोटार जळाली, तेव्हा रडले. मोटारीचं वायंडिंग भरायला आलेला माणूस घाबरून म्हणाला, "आवं वैनी, हुईल दुरुस्त!"

तर अंकिताने गोष्ट बदलली. त्यावर मोठं भांडण झालं. पैसे घालणारे साहेब म्हणाले की नवरा गेल्यावर भाकरी थापणाऱ्या बाईला प्रेक्षक माफ करणार नाहीत. अंकिता म्हणाली, "तिनं माफी मागितलीच नाही." दोन दिवस काम बंद होतं. मी इतके सिनेमे पाहिले, वन्सं, त्यातल्या फौजीच्या बायका एक तर दारात वाट बघतात नाहीतर पडतात. रानात बाई आली की गाणं सुरू होतं. पाण्याला उभी असलेली बाई मी पडद्यावर पाहिलेली नव्हती. ही कालची पोर तिच्यासाठी नोकरीवर पाणी सोडायला निघाली होती. शेवटी दिग्दर्शकाने तिची बाजू घेतली. मग ती नटी तीन दिवस माझ्याकडे भाकरी शिकायला आली. बोटं भाजून घेतली, पण थापायची सोडली नाही. सिनेमातली भाकरी वाकडीच फुगली आहे. ती तशीच ठेवली, हे मला फार आवडलं.

गेल्या रविवारी साताऱ्यात अकराचा खेळ होता. गावातून दोन गाड्या गेल्या. मी आत्तीला नको म्हणत होते, त्या ऐकेनात. तो प्रसंग आला. संगीत नाही, काही नाही. तवा, पीठ, हात. सासू जेवते आहे, भाबडी, तिला काहीच माहीत नाही, आणि सून तिच्याकडे बघते आहे. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. अंबूबाईने मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. नऊ वर्षांनी माझा मला श्वास घेता आला.

आणि तेवढ्यात आत्ती मोठ्याने म्हणाल्या, "आसं न्हाई. आसं न्हवतं झालं."

लोक वळून बघायला लागले. वाटलं, संपलं, आता त्याही तुमच्यासारखंच बोलणार. नऊ वर्षांत त्यांनी मला कधी दोष दिला नव्हता, पण माझी बाजूही कधी घेतली नव्हती. मी कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर उत्तराची भीती होती. एका घरात, एका चुलीपाशी आम्ही दोघी ते एक सोडून सगळं बोललो.

घरी आल्यावर मला समोर बसवलं आणि बोलल्या. काय बोलल्या ते मी लिहिणार नाही. ते माझं नाही. मी त्यांना म्हटलं, राहू द्या, वन्संना कळवायची गरज नाही, माझ्यावर होतं ते माझ्यावरच असू दे. तर माझ्यावरच खेकसल्या. हे पत्र त्यांच्या सांगण्यावरून लिहिते आहे. नाहीतर माझा धीर झाला नसता.

सिनेमा सांगलीत पुढच्या शुक्रवारी लागतोय. बघा किंवा बघू नका. पण खालच्या ओळी वाचल्यावर तुमच्या आईवर रागावू नका, एवढं माझं मागणं आहे. मला त्या ओळींनी जे मिळालं ते कुठल्या सिनेमाने दिलं नसतं. मी त्यांची आयुष्यभराची ऋणी आहे आणि त्यांनी जन्म दिलेली लेक म्हणून तुमचीही.

तुमच्या भावामागे तुमच्या आईला जेवू घालणारी,
शिवांजली

(खालचं आजीचं आहे. ती बोलली तसंच लिहिलंय. — प्रणिती)

दीपे, म्या सांगतीया ते नीट वाच. शिवांजली रानातनं आली आन् पायाचा चिखल न धुता चुलीम्होरं बसली. आशी ती कवाच बसली न्हाई. तवाच मला कळलं मानसिंग गेला. तिनं ताट म्होरं ठिवलं. म्हनलं, ही पोर मला जगवाय बघतीया, हिला कसं न्हाई म्हनू? म्या दीड भाकरी खाल्ली. कळल्यावर खाल्ली. तू तिला बोललीस तवा मला सांगायचं हुतं. पर पोरगा गेला आन् आई जेवली आसं लोकं म्हनतील, म्हनून गप ऱ्हायले. माझं वझं नऊ वर्सं तिनं व्हायलं. आता काय बोलायचं ते मला बोल.