माझ्या ऑपरेशनचे तीन ट्रेलर

मी, शाल्मली नीळकंठ घारफळकर, वय तेवीस, धंदा व्हिडिओ एडिटिंग, राहणार पुसद, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून देते. डोक्यात गाठ आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. तसं नागपूरच्या डॉक्टरांनी लिहूनही दिलंय. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. शाळा इंग्लिश मीडियमची होती, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मृत्युपत्र खोटं समजू नये.

१. माझं कॉम्प्युटर आणि दोन्ही मॉनिटर माझ्याकडे एडिटिंग शिकणाऱ्या निकिताला. खुर्ची नाही. खुर्ची आईची, तिची कंबर दुखते.

२. मी आणि पियूषने मिळून पिक्चर बनवला, झरी जामणीला बदली झालेल्या एका मास्तरीणबाईचा. त्यातला माझा हिस्सा आईला. ट्रेलर मी तीन कापले. एक बोरी अरबच्या बाजारात लावायचा, त्यात सुरुवातीलाच सरपंचाचं भांडण, कारण बाजारातला माणूस थैली धरून उभा असतो, हसला नाही तर पुढे निघतो. कॉलेजच्या पोरांसाठी लव्ह स्टोरी आणि गाणं, मोबाईलवर उभं बसेल असं. मावशी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसाठी बाईंची लेक रडते तो सीन, आणि नवरा कुठे गेला ते सांगायचंच नाही. तिन्ही खरे आहेत. मी कापलं, पण खोटं जोडलं नाही.

पियूषने गुपचूप चौथा बनवला. त्यात भूत! आमच्या पिक्चरमध्ये भूतच नाही. विचारलं तर म्हणे, "अबे, लोक येतील तर! अंदर बसल्यावर कोण विचारते?" अशा माणसावर भरवसा नाही. मी मेली तर माझा हारवाला फोटो ट्रेलरमध्ये टाकून रडकं म्युझिक लावेल, माझा पक्का डाउट आहे. म्हणून पिक्चरच्या फायलींचा पासवर्ड फक्त निकिताकडे राहील.

३. आता बाबा, म्हणजे नीळकंठ घारफळकर. यांनीही तीन ट्रेलर कापले, माझ्या ऑपरेशनचे. आईला सांगितलं, "नाकातून करतात, टाकाही दिसत नाही. दाढ काढल्यासारखं समज." काकाला फोनवर हळूच, "सिरियस आहे, सुट्टी टाकून ये." मला यूट्यूबवर बरी होऊन नाचणारी पोरगी दाखवली. ज्याला जे झेपते, त्याला ते.

पण आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की आहे. जो सीन एकाही ट्रेलरमध्ये नसतो, तोच क्लायमॅक्स. बाबांच्या तिन्ही गोष्टींत डोळ्यांचं नाव नाही. आणि डॉक्टर तर दर वेळी डोळेच तपासत होते. काल मी म्हटलं, ऑपरेशननंतर मोठा मॉनिटर घेऊ. एरवी चार दुकानं फिरवणारे बाबा म्हणाले, "घाई कायले?"

इथपर्यंत लिहून कागद त्यांच्यासमोर ठेवला. वाचला. मग चष्मा पुसत बसले.

"कोणी सांगितलं तुले?"

"कोणीच नाही. म्हणूनच तर कळलं."

"गाठ नजरेच्या नसेले चिकटली आहे, शालू. ऑपरेशन नाही केलं तर नजर जाणारच. केलं तर राहू शकते. नाही पण राहणार."

"मला काहून नाही सांगितलं?"

"तू नाही म्हटलं असतं तर?"

"आणि आईला?"

"ते तुह्याकडे पाहून रडली असती. तुले लगेच समजलं असतं."

मी ओरडली. खूप ओरडली. मग चहा झाला.

४. शेजारच्या विमलताई कोर्टात टायपिस्ट होत्या. त्या म्हणतात, मृत्युपत्रात मेल्यानंतरचं लिहितात, जगल्यावरचं नाही. नसेल लिहीत कोणी, मी लिहिते. मी ऑपरेशन करून घेणार आहे. जगली आणि नजर गेली, तर कलम एक रद्द, कॉम्प्युटर माझंच. आणि पुसदला आमचा पिक्चर लागेल तेव्हा बाबांनी शेजारी बसून पडद्यावर जे दिसेल ते सगळं मला सांगायचं. पिक्चर वाईट दिसला तर वाईट म्हणायचं. लोक उठून जाऊन राह्यले तर तेही सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून एकही सीन गाळायचा नाही.

हे सगळं शुद्धीत लिहिलं, दोन साक्षीदारांसमोर वाचलं, मग सही केली.

शाल्मली नी. घारफळकर

साक्षीदार:
१. विमल मारोतराव चिंतावार. (पोरगी शुद्धीत आहे, ओरडणं भिंतीपलीकडून ऐकलं.)
२. भीमसिंग जाधव, फोटो स्टुडिओवाले

पुसद, जि. यवतमाळ
१९ नोव्हेंबर २०२५

कलम चार वाचलं. कबूल आहे. आईलेही आज मीच सांगतो, पूर्ण.
नीळकंठ घारफळकर