वाघ भुशाचा निंगाला

गोदाताई,

तू विहिरीवर गेली अन् माही यष्टी सुटून राह्यली, म्हून लिहून ठेवतो. लहानपणी आपण पाह्यला होता तो जहाजाचा शिनिमा चिखलीच्या तंबूत पुन्हा आला! काल म्या पाह्यला. वाघ भुशाचा निंगाला वं, पोटाची शिवण दिसते. समुद्र म्हंजे निळं कापड, हालवणाऱ्याचा पायबी दिसला. पण तलवारबाजी अजूनबी अशी हाय का अख्खा तंबू उभा राह्यला.

अन् आपलं एक चुकलंच होतं. राजकन्येले हिरो सोडवतच नाही! ते सोताच दातानं दोर तोडते, अन् मंग त्यालेबी पाण्यातून वर वढते. म्या मातर खेळताना दरवेळी तुले बाभळीले बांधून सोडवाले यायचो. तू काऊन बोलली नाही?

आज शेवटचा खेळ हाय, दिवेलागणीचा. चारच्या यष्टीनं ये. बसाले पोतं आणजो, खाली गोटे हायेत. तानुकाकू बायांकडं जागा धरून ठेवते. माय म्हणीन, सासर सोडून आलेल्या पोरीनं लोकांत जाऊ नाही. तिले सांग, लोक पडद्याकडं पाह्यतात.

सोमवारी दाजी तुले न्याले येणार हायेत. बाबानं तुले न इचारता कबूल केलं. म्या भांडलो, तं शर्ट फाटला, बाकी काही झालं नाही. दाजीसमोर तुलेच 'नाही जात' म्हणा लागीन. म्या तुह्या बाजूले उभा राह्यतो, तोंड मिटून.

उकंडा