भालेरावांनी न चाखलेले पाणी

नाशिक, २ फेब्रुवारी १९३६
भालेराव नाशकात आला आहे. पंचवटीत भाजी घेताना समोरच उभा. खांद्याला तोच फिरकीचा तांब्या, मानेत तोच ताठा. म्हणाला, "काय जोशी, शाळामास्तर झालात म्हणे! छान. समजावून सांगायची तुम्हांला हौसच पहिल्यापासून." मी हसलो. घरी येईतो दात दुखू लागले होते, इतके आवळून धरले होते.
येवल्याच्या रंगाऱ्यांसाठी गावची कमिटी यंत्राने जमिनीत भोक पाडून पाणी काढणार. जागा दाखवायला ह्याला बोलावले आहे. ह्याला!

३ फेब्रुवारी
लिहून ठेवतो, म्हणजे राग शिळा होणार नाही. ब्रह्मदेशात, तेलाच्या कंपनीत, भा. माझा वरिष्ठ. जमिनीत वीज सोडायची, खडक तिला किती अडवतो ते मोजायचे आणि नकाशा काढायचा, हे त्याचे काम. भोकांतून निघालेली वाळू तपासायचे काम माझे. मी ती हुंगत असे, जिभेला लावत असे. भा. तिला हात लावायचा तो रुमालातून.
नकाशा सगळीकडचे सांगतो, पण मोघम. भोक एकाच ठिकाणचे सांगते, पण खरे. दोन्ही जुळवले, तर जेथे भोक पाडलेलेच नाही तेथली वाळू किती सच्छिद्र, तिच्यात तेल किती, हे आधी वर्तवता येते. केवढी सुंदर गोष्ट! ही जुळणी माझी. साहेबापुढे मांडली त्याने, स्वतःची म्हणून. पुढे नोकरकपात झाली तेव्हा कपात झालो तो मी.

९ फेब्रुवारी, येवले
सुटी साधून कासिमभाईंकडे आलो. पैठणीचे रेशीम रंगवणारा ह्यांच्यासारखा हात ह्या गावात दुसरा नाही. रंगाला डाग का पडतात, हे विचारायला काही वर्षांपूर्वी ते माझ्याकडे आले. त्यातून मला येथल्या विहिरींचा नाद लागला. प्रत्येक विहिरीत तांबड्या मातीचा थर कोठे दिसतो, आणि तिच्या पाण्यात तुरीची डाळ शिजते का, एवढेच मी टिपत आलो. डाळ शिजली नाही, तर रेशीमही बिघडणार.
गोड्या पाण्याची विहीर एकच, तीही उन्हाळ्यात तळ दाखवते. मग रंगाची भांडी उपडी, आणि त्यामागून माग बंद. यंत्र उसने आणलेले. एक भोक पाडून ते पुढल्या गावी जाणार.
भा.चा नकाशा कमिटीच्या भिंतीवर टांगला आहे. काम उत्तम आहे, हे कबूल करावेच लागते. मात्र भोकाच्या जागेची खुंटी ठोकली आहे उत्तरेला, नाल्याकाठी, जेथे विजेला अडथळा सर्वांत कमी. ओल्या खडकातून वीज सहज जाते, हे खरेच. पण खाऱ्या चिकणमातीतून त्याहून सहज जाते! नाल्याकाठच्या एकाही विहिरीत डाळ शिजत नाही.
कासिमभाई म्हणाले, "आमी बोललो ना सायबाला, हितलं पानी खारं हाय. तर म्हनतो, वरचं खारं, खालचं गोड. मशीन सांगतंय."
"त्यांनी चाखून पाहिले?"
"आमच्या हातचं? मास्तर, तुमी पन लय गंमत करता. पंचवटीच्या पान्याचा तांब्या हाय ना त्यांच्या खांद्याला."

१० फेब्रुवारी
खुंटी चुकीची आहे हे मला ठाऊक आहे, त्याला नाही. साऱ्या गावासमोर भोकातून खारट पाणी वर येईल आणि तो तांब्या घेऊन उभा असेल. असे सुख आयुष्यात किती वेळा मिळते? तोंड उघडायचे नाही. शाळेत आज फार चांगला शिकवला तास.

१६ फेब्रुवारी
येवल्याहून नकाशाची नक्कल करून आणली होती, तिच्यावर माझ्या विहिरी मांडल्या. नुसते कुतूहल म्हणून. डाळ शिजणाऱ्या विहिरी सगळ्या दक्षिणेला, जेथे अडथळा मध्यम, भा.ने तो भाग कोरडा ठरवून सोडून दिलेला. तेथे तांबडा थर चढता आहे, त्याखाली जाळीदार खडक असावा, पाणी साचून न राहता वाहते असावे. आणि त्या पट्ट्याच्या ऐन मध्ये विहीरच नाही! त्याच्या नकाशावाचून मला ही जागा कधीच सापडली नसती. त्याच्यावाचून. चीड आली.
सौ.ला सगळे सांगितले. डाळ निवडता निवडता म्हणाली, "अहो, तुमच्या भालेरावाला पुरायला कासिमभाईंचाच खड्डा हवा का? दुसरा शोधा."
मग एक डाव सुचला: भोक पाडण्याआधीच त्याला चारचौघांत गाठायचे. गप्प राहण्याहून हे चांगले.

२३ फेब्रुवारी, येवले
खुंटीपाशी कमिटी, रंगारी, विणकर, सगळे जमलेले. शेजारच्या विहिरीचे पाणी पेल्यात भरून कासिमभाईंच्या हाती दिले. म्हणालो, "भालेरावसाहेब, आपण निवडलेले पाणी. घोटभर घ्यावे."
तो तांब्याला हात लावून म्हणाला, "माझ्याजवळ आहे."
"सायेब, ह्याने माणूस बाटत नाय, नुसतं पोट बिघडतं," कासिमभाई म्हणाले. मागून कोणीतरी ओरडले, "मशीनला पाजा!" हशा उसळला. भा.चे कान लाल झाले. ते लाल कान मी मरेपर्यंत जपणार आहे.
पेला मीच प्यायलो, थुंकलो, आणि नकाशाच्या नकलेवर खडूने विहिरी मांडून समजावत गेलो. लोक ऐकत होते. तोही ऐकत होता. कल्पना ओळखीची होती त्याच्या.
शेवटी शांतपणे म्हणाला, "खुंटी जोशींच्या जागी ठोका. जागा त्यांची, जबाबदारी त्यांची."
मी म्हणालो, "गोडे पाणी लागले तर पहिला पेला आपण प्यायचा. कासिमभाईंच्या हातून."
"आणि न लागलं तर?"
"तर खडकाविषयी मी पुन्हा तोंड उघडणार नाही."
"ब्रह्मदेशातल्याही?"
"त्याहीविषयी."
परतताना लक्षात आले: खारट भोक त्याचे झाले असते. आता भोक माझे आहे.

८ मार्च, येवले
काळा कातळ. यंत्र दिवसभर ठोकते आणि बोटभर उतरते. खडकाचा चूर काढायला वरून पाणी ओततात, त्यामुळे चाखूनही काही कळत नाही. तरी चाखतो. कासिमभाईंची विहीर तळाशी गेली आहे. ते सारखे तिच्यात डोकावून येतात. पूर्वी चेष्टा करायचे. आणखी आठवड्याने यंत्र हलवणार म्हणतात. भा. लिंबाखाली खुर्ची टाकून वाचत बसतो. ह्याला दुसरे काम नाही का?

१५ मार्च, येवले
सकाळी चूर तांबडा आला. तांबडा थर, मी म्हटले होते त्याच खोलीला! ओरडलोच. भा. खुर्चीवरून उठून आला. चूर चिमटीत धरला, रुमालाशिवाय.
"ह्याच्याखाली पाणी?"
"असावे."
"असावे की आहे, जोशी?"
मी चूर जिभेला लावला. वर्गात एखाद्या मुलाने असा प्रश्न केला असता, तर मी म्हणालो असतो, चांगला प्रश्न.
तो परत गेला. पाहिले तर फिरकीचा तांब्या लिंबाखाली उपडा वाळत ठेवलेला. पाणी संपले, की ओतून टाकले, की नाशकाला निघायची तयारी? विचारणार नाही.
आज यंत्राचा शेवटचा दिवस. पुन्हा ठोके सुरू झाले आहेत. कासिमभाईंनी पेला घासून दगडावर ठेवला आहे. आम्ही तिघेही त्याच्याकडे न बघता ठोके मोजत बसलो आहोत.